रात्रपाळीचा हिशोब : केंद्रीय विद्युत प्राधिकरणाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
केंद्रीय विद्युत प्राधिकरण, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : राज्य भार प्रेषण केंद्र, ऐरोली, आणि विहिरीवर मोटर असलेले सगळे

सप्रेम नमस्कार.

मी एकतीस वर्षं उपकेंद्रात यंत्रचालक होतो. आधी ३३/११ केव्हीची लहान उपकेंद्रं, नंतर १३२ केव्ही. आता निवृत्त झालोय आणि सोलापूरपासून तासाभराच्या अंतरावर वडिलोपार्जित चार एकर बघतो. थोडा ऊस, थोडं डाळिंब, उरलेली ज्वारी. म्हणजे आधी मी खटका पाडणाऱ्यांत होतो, आता ज्यांचा खटका पडतो त्यांच्यात आहे. २००३ च्या वीज कायद्यानं राष्ट्रीय वीज आराखडा करायचं काम तुमच्याकडे दिलंय. त्या आराखड्यात शेतीच्या रात्रपाळीचा एक रकाना राहून गेलाय, तेवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या भागातल्या माणसाला राष्ट्रीय ग्रीड, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांचं एकच जाळं, दाखवायला नकाशा लागत नाही, मान वर केली की दिसतं. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड बाकीच्या देशाला जोडलं गेलं. १९९१ ला पूर्व आणि ईशान्य एक झाले, २००३ ला पश्चिम त्यांना मिळाला, २००६ ला उत्तर, आणि सगळ्यात शेवटी आमच्या जिल्ह्यातून दक्षिण. त्या दिवसापासून तुतिकोरिनचं जनित्र, भाक्राचं जनित्र आणि माझ्या विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर एकाच तालावर चालतात, सेकंदाला पन्नास आवर्तनं. हा ताल, म्हणजे फ्रिक्वेन्सी, ४९.९० ते ५०.०५ च्या मध्ये राहिला पाहिजे, असं आज ग्रीड संहिता सांगते. मी नोकरीला लागलो तेव्हा काटा साडेअठ्ठेचाळीसवर दिसला तरी कुणी खुर्चीतून उठत नसे. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात ठरल्यापेक्षा जास्त ओढलेल्या विजेचा दर फ्रिक्वेन्सीवर लावायला सुरुवात झाली आणि मग सगळ्यांना शिस्त आली.

ही शिस्त कुणाच्या जिवावर आली, ते मी जवळून पाहिलंय.

संध्याकाळी लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्याच्या भार प्रेषण केंद्राचा, फोन यायचा, ओव्हरड्रॉल होतोय, ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली जातेय, दहा मेगावॉट काढा. कोणता फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी कोणती लाईन, काढायचा हे सांगितलं जात नसे, सांगावं लागतही नसे. शहराचा फीडर काढला तर पाच मिनिटांत फोन खणखणायला लागायचे. एमआयडीसीचा काढला तर वरून विचारणा. दवाखाना असलेला फीडर तर सोडाच. शेतीचा काढला की मात्र शांत. ना फोन, ना विचारणा. मी वहीत वेळ लिहायचो, कारणाच्या रकान्यात "लोड डिस्पॅच सूचना" लिहायचो आणि चहा घ्यायचो. हे मी अभिमानानं सांगत नाही, पण लपवूनही ठेवत नाही.

रात्री अकराच्या पुढे उलटा प्रकार. शहर झोपलं की मागणी कोसळते, पण कोळशाचा संच काही रात्रीपुरता विझवता येत नाही. बॉयलर गार करून पहाटे पुन्हा पेटवायचा म्हटलं तर तास जातात, तेल जळतं, नळ्यांचं आयुष्य घटतं. मग ती रात्रीची वीज कुणीतरी घ्यायला हवी. ती शेतकऱ्यानं घ्यायची. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री, अशी पाळी लागली ती आजही बऱ्याच गावांत चालू आहे. थोडक्यात, संध्याकाळी वीज कमी पडली की शेतीचा भार काढायचा आणि रात्री जास्त झाली की शेतीचाच भार टाकायचा. दोन्हीकडचा तोल एकाच माणसाच्या झोपेवर. गेल्या पंचवीस वर्षांत या राज्यातला सर्वांत मोठा, सर्वांत स्वस्त आणि एक पैसा न देता वापरलेला तोल राखणारा कोण, तर रात्री दारं धरणारा. तुमच्या आराखड्यात राहून गेलेला रकाना हाच.

दिल्लीत "दारं धरणं" कदाचित कळणार नाही, म्हणून सांगतो. मोटर चालू झाली की पाणी पाटानं येतं. एक सरी भरली की खोऱ्यानं तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं उघडायचं. हे दर दहा-पंधरा मिनिटांनी, पाणी असेपर्यंत. रात्री दहाला लाईट आली तर पहाटे सहापर्यंत. पायाखाली चिखल, उसाच्या आत अंधार, थंडीत पाणी घोट्यापर्यंत. शेजारच्या बांधावरच्या एकाला तीन वर्षांपूर्वी अशाच रात्री घोणस चावली. तो वाचला, पण पाय अजून ओढतो. बिबट्याचं जुन्नरकडचे लोक सांगतील, तो भाग माझा नाही.

आणि इथे तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. रात्री लाईट नक्की केव्हा येईल ते कळत नाही. पाळी दहाची असली तरी कधी पावणेअकरा, कधी येऊन दहा मिनिटांत ट्रिप. म्हणून शेतकऱ्यानं काय केलं? स्टार्टरला ऑटो स्विच लावला. वीज आली की मोटर आपोआप चालू, माणूस झोपला असला तरी पाणी शेतात. वीज कंपन्या वर्षानुवर्षं पत्रकं काढतात, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. त्यांचं खरं आहे. मी पॅनलसमोर उभा राहून पाहिलंय. शेतीचा फीडर चालू केला की एका क्षणात शंभर-दीडशे मोटरी एकदम उठतात, प्रत्येक मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, अँपिअरचा काटा टोकाला जाऊन आपटतो आणि संरक्षणाचा रिले आपोआप फीडर पाडतो. पुन्हा चालू करायचा, पुन्हा पडतो. चौथ्यांदा टिकला तर कुठलीतरी डीपी, म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, जळालेली असते, आणि मग ती बदलेपर्यंत आठ-दहा दिवस त्या डीपीवरचा ऊस वाळतो. दोष शेतकऱ्यावर टाकून फाइल बंद होते. पण ऑटो स्विच हा रोग नाही, रात्रपाळीचं लक्षण आहे. दिवसा सांगितलेल्या वेळेला वीज देऊन बघा, माणूस स्वतः मोटरीपाशी उभा असेल. ऑटो स्विच कुणी न सांगता भंगारात जातील.

आता उन्हाकडे येतो.

२०२५ च्या जुलैमध्ये सरकारनं सांगितलं की देशाच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा आता कोळसा-गॅसच्या बाहेरचा आहे. २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. आनंद आहे. पण क्षमता वेगळी आणि युनिटं वेगळी, हे तुम्हाला मी सांगायला नको. आजही देशात तयार होणाऱ्या विजेतली सत्तर टक्क्यांच्या आसपास कोळशाचीच. सूर्य दुपारी देतो, संध्याकाळी सातला देत नाही. नेमकी तेव्हाच घरं, दुकानं, पंखे, कुलर एकदम लागतात. संध्याकाळी कोळशाचा संच हवा म्हणून तो दुपारीही पेटता ठेवावा लागतो. तुमच्याच २०२३ च्या नियमांनी या संचांना आधी क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्यानं ४० टक्क्यांपर्यंत उतरायला सांगितलंय. चांगला नियम आहे, पण त्याच्याही खाली उतरता येत नाही. मग भर दुपारी जागा कोण रिकामी करतो? सौर. राजस्थानातल्या प्रकल्पांना दुपारी उत्पादन कमी करायला सांगितलं गेलं. काही वेळा लाईन अपुरी म्हणून, काही वेळा घेणारा नाही म्हणून. फुकटचं ऊन, लावून झालेले पॅनल, आणि वीज कुणालाच नको. त्याच रात्री माझ्या गावात कोळशाच्या विजेवर पाणी भरणं चालू.

अहमदनगर, म्हणजे आता अहिल्यानगर, जिल्ह्यात घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे. रात्रीच्या शिल्लक विजेनं खालचं पाणी वर चढवायचं आणि मागणी चढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची. २००८ पासून तो चालू आहे. आज देशात कुठेही नव्या उदंचन प्रकल्पाची चर्चा निघाली की सगळे म्हणतात, पंप आता रात्री नको, दुपारी चालवू, तेव्हा सौर वीज असते. बरोबर. घाटघरचा पंप रात्रीचा दुपारी येऊ शकतो, मग माझ्या विहिरीचा का नाही? घाटघरला वर चढवलेलं पाणी खाली येताना चढवायला लागलेल्या विजेतली वीस-पंचवीस टक्के वीज खाऊन जातं. माझी मोटर दुपारी चालली तर हा तोटा शून्य, कारण मी वीज साठवत नाही, पाणी साठवतो. विहीर आहे, शेततळं आहे, नसेल तर ओली सरी आहे. जमीन स्वतःच साठवण आहे. काळ्या रानात एकदा भिजवलेली ज्वारी पुढचे किती दिवस तगते, ते कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा.

तुमच्या कागदांत सध्या "बॅटरी" हा शब्द फार येतो. २०२५ मध्ये तुम्हीच सूचना काढली की नव्या सौर प्रकल्पासोबत किमान दहा टक्के क्षमतेची, दोन तास चालेल एवढी साठवण असावी. माझा विरोध नाही. संध्याकाळच्या त्या दोन-तीन तासांना बॅटरीच लागेल, तिथे शेतकरी काही करू शकत नाही. पण आमच्याकडे बॅटरी म्हणजे रात्री बांधावर जाताना हातात असते ती. हजारो कोटींची एक बॅटरी विकत घेण्याआधी ही दुसरी बॅटरी लोकांच्या हातातून सोडवली तर किती भार रात्रीतून दुपारी येईल, याचा हिशोब कुणी मांडलाय का? एकट्या महाराष्ट्रात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कृषिपंप आहेत.

"एवढा भार इकडून तिकडे हलवणं अवघड" असं कुणी म्हणालं की मला ५ एप्रिल २०२० आठवतो. करोनाच्या टाळेबंदीत त्या रात्री नऊला नऊ मिनिटं घरातले दिवे बंद करायचे होते. मला निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. जुन्या सहकाऱ्यांचे फोन येत होते, ग्रीड पडणार म्हणून सगळे घाबरलेले. अंदाजापेक्षा कितीतरी जास्त, सुमारे ३१ हजार मेगावॉट मागणी बघता बघता गेली आणि तेवढीच परत आली. देशभरातली जलविद्युत २५ हजार मेगावॉटच्या वरून ८ हजारांपर्यंत खाली आणली आणि पुन्हा वर नेली. एक दिवा विझला नाही, म्हणजे जो लोकांनी विझवला तो सोडून. त्या रात्री जे पॅनलवर होते त्यांना माझा सलाम आहे. पण त्या रात्रीनं हेही दाखवलं की वेळ आधी सांगितली, सगळे एका कामाला लागले की या देशाचं ग्रीड काय काय करू शकतं. शेतीपंप दुपारी आणायला नऊ मिनिटांची घाई नाही. दोन-तीन रब्बी हंगाम घ्या.

३० मे २०२४ ला देशाची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली तरी ग्रीड उभं राहिलं. त्याच्या बारा वर्षं आधी, २०१२ च्या ३० आणि ३१ जुलैला, बिना–ग्वाल्हेर लाईन पडल्याचं निमित्त झालं आणि निम्म्या देशात अंधार झाला. तेव्हा पाऊस लांबला होता, उत्तरेत शेतीपंप रात्रंदिवस चालू होते, राज्यं ठरल्यापेक्षा जास्त ओढत होती. पहिला दणका बसला तो रात्री अडीचला. ही वेळ मी मुद्दाम सांगतोय. शेतीचा भार रात्री ढकलला म्हणजे रात्र निर्धोक झाली असं नाही. तसंच २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगाल भरदुपारी अंधारात गेले तेव्हा व्हॉट्सॲपवर लगेच सगळे म्हणाले, बघा, सौरमुळे झालं. तपासात पुढे आलं ते व्होल्टेज आवरता न आल्याचं. ऊन वाईट नसतं, व्होल्टेज आवरायची तजवीज आधी करावी लागते. ज्यानं हलक्या लोडवर लांब लाईनीचं व्होल्टेज चढताना पाहिलंय त्याला हे कळायला अहवाल लागत नाही.

आता अडचणी. त्या मी लपवल्या तर हे पत्र कुठल्याही भाषणासारखं होईल.

पहिली आणि खरी अडचण वर नाही, खाली आहे. रात्रपाळी-दिवसपाळी लागली ती फक्त देशाच्या तोलासाठी नव्हे. गावाच्या उपकेंद्रातला ३३/११ चा ट्रान्सफॉर्मर पाच एमव्हीए क्षमतेचा असतो आणि त्याच्यावर टांगलेल्या मोटरी त्याच्या ताकदीपेक्षा जास्त. सगळ्यांना एकाच वेळी दिवसा वीज दिली तर तो बसेल. म्हणून अर्ध्या लोकांना दिवसा, अर्ध्यांना रात्री. २०२४ मध्ये तुमचा पारेषणाचा आराखडा आला, २०३२ पर्यंत ९ लाख १५ हजार कोटींच्या लाईनी आणि उपकेंद्रं. त्यातून खावडा, जैसलमेर, लेह इथली वीज आमच्या डोक्यावरून जाईल. पण डोक्यावरून खाली विहिरीपर्यंत उतरायला जो पाच एमव्हीएचा डबा आहे तो त्यात नाही. तो वितरणाचा विषय, म्हणजे दुसरं खातं, दुसरी योजना. तिथे २०२१ च्या तीन लाख कोटींच्या योजनेतला मोठा वाटा स्मार्ट मीटरकडे गेला. मीटर वीज मोजतो, वाहून नेत नाही.

यावर उपाय आमच्याच राज्यात सापडलाय, हे मान्य केलं पाहिजे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प लावून तीच वीज शेतीच्या फीडरला देतात. २०१७ ला सुरुवात झाली, राळेगणसिद्धीचा प्रकल्प सुरुवातीचा. २०२३ पासून दुसरा टप्पा, आता लक्ष्य १६ हजार मेगावॉटचं. यातली खुबी अशी की वीज ११ केव्हीच्या बाजूलाच तयार होते, त्यामुळे वरच्या ट्रान्सफॉर्मरवर भारच येत नाही. पाच एमव्हीएचा डबा न बदलता दुप्पट मोटरी दिवसा चालू शकतात. जिथे प्रकल्प झाले तिथले लोक दिवसा पाणी भरतात आणि रात्री घरी असतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत वीजक्षेत्रातली एवढी सरळ कल्पना दुसरी आली नाही. आमच्या उपकेंद्राची जागा मोजून गेलेत, पुढचं माहीत नाही.

सुट्या सौरपंपाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे, ते सोसायटीत बोललो तर भांडण होतं. 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या योजनेत शेतकऱ्याचे दहा टक्के, बाकी सरकारचे. ज्याच्याकडे वीज पोचलीच नाही त्याला हे वरदान. पण जिथे खांब दारात आहे तिथे ग्रीडला न जोडलेलं पॅनल म्हणजे वर्षातले निम्मे दिवस नुसतं ऊन खात बसलेली वीज. पावसाळ्यात मोटर बंद, सुगीत बंद, पाणी संपलं की बंद. त्या दिवसांत ती वीज कुणालाच मिळत नाही. तेच पॅनल फीडरला जोडलेलं असतं तर गावातल्या पिठाच्या गिरणीला तरी गेली असती.

दुसरी अडचण पाण्याची. दिवसा, भरपूर आणि फुकट वीज मिळाली की बोअर आणखी खोल जाणार. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल राज्य सरकार भरतं, त्यामुळे दरानं कुणाला आवरायची सोय राहिलेली नाही. हे खरं आहे आणि याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की रात्री ऑटो स्विचवर सोडलेलं पाणी बांध फोडून नाल्याला जातं, ते मी डोळ्यांनी बघतो. माणूस समोर उभा असेल तर तेवढं तरी वाचतं. आणि ठिबक रात्री चालवली तर कुठला ड्रीपर तुंबला हे दिसत नाही.

दरांवरून आठवलं. २०२३ च्या केंद्राच्या नियमांनी सौर तासांत वीज दहा ते वीस टक्के स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांत महाग करायला सांगितलं. आधी कारखाने-दुकानांना, मग १ एप्रिल २०२५ पासून घरांनाही. शेती मात्र त्यातून वगळली. वगळण्यामागचा हेतू दयेचा असेल, पण निरोप असा गेला की दुपारच्या उन्हाशी शेतीचा संबंध नाही. शेतकऱ्याला दरातली सवलत नको, त्याचं बिल तसंही शून्य आहे. त्याला वेळ द्या. ज्या नियमात कारखान्याला सौर तासांचा हक्क लिहिलाय, त्याच नियमात एक ओळ घाला, शेतीच्या फीडरला पुरवठा सौर तासांतच, आणि जिथे शक्य नाही तिथे का नाही हे लेखी.

संध्याकाळचा विषय निघाला की कोयना आठवते. १,९६० मेगावॉट, मिनिटांत चढणारी, मिनिटांत उतरणारी. पण कृष्णा पाणी लवादाच्या निर्णयानं वीज करायला वर्षाला ६७.५ टीएमसीच पाणी पश्चिमेकडे वळवता येतं. तिचं प्रत्येक मिनिट मोजून वापरायचं असतं. शेतीचा भार उन्हात गेला तर अडचणीच्या वेळी हाताशी धरायला कोयनेचं पाणी जास्त शिल्लक राहील. हे गणित ऐरोलीला कुणीही एका दुपारी मांडू शकेल.

आता थोडं टॉवरबद्दल. स्वच्छ ऊर्जा म्हटली की लाईनी येणार, आणि लाईनी कुणाच्यातरी शेतातूनच जाणार. १८८५ च्या तार कायद्याच्या आधारानं आजवर टॉवर उभे राहिले, जमीन ताब्यात न घेता. सातबारा शेतकऱ्याचा, मधोमध टॉवर दुसऱ्याचा. २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के होते, २०२४ च्या जूनमध्ये ते २०० टक्के केले आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. सुधारणा आहेच. पण तुलना बघा. सौर कृषी वाहिनीसाठी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं, दरवर्षी तीन टक्के वाढ. आणि ७६५ च्या तारा वरून गेल्या तर एकदाच काय ते. तारांखाली झाड उंच होऊ द्यायचं नाही, विहिरीवर बोअरची गाडी उभी करायची तर भीती, जमीन विकायला काढली की गिऱ्हाईक वर बघून परत जातं. हे ओझं तीस-चाळीस वर्षांचं, तर मोबदलाही वर्षावर्षाचा हवा. पॅनलला भाडं मिळतं तसं तारेला का नको? मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तेव्हा मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि जमीन मावळाची जात होती. तेव्हाही ती वीज बिनधुराचीच होती.

आमच्या नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक पक्षी तर बिचारा मोबदलाही मागू शकत नाही. तारा त्याला समोरून दिसत नाहीत. त्याच्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण राजस्थान-गुजरातचं, पण आमच्या माळरानावरही नव्या लाईनी आखताना एकदा जमिनीवर उतरून बघा, एवढं मागतो.

शेवटची मागणी छोटी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. फ्रिक्वेन्सी ४९.४ च्या खाली गेली की आपोआप फीडर पाडणारे रिले ठिकठिकाणी बसवलेत. ते असायलाच हवेत, ते नसते तर २०१२ पुन्हा पुन्हा झालं असतं. पण कोणत्या फीडरवर ते बसवलेत, ही यादी लोकांसमोर ठेवा. मी काम केलं त्या उपकेंद्रांमध्ये ते गावाकडच्या फीडरवर होते. कुणी तसा आदेश काढला होता असं नाही, सवयीनं. शहरातला एक मोठा मॉल त्या यादीत आहे का, हे मला बघायचंय. आणि दर दिवशी कोणत्या तासाला किती सौर वीज थांबवली, हेही राज्यवार रोज जाहीर करा. त्या आकड्याशेजारी त्याच रात्री शेतीला किती वीज दिली तो आकडा छापा. दोन रकाने. मग मला पत्र लिहायला लागणार नाही.

तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर रब्बीत या. जानेवारीत, ज्वारी हुरड्यात असताना. गेस्ट हाऊस नाही, पण घर आहे. फक्त या आठवड्यात नको, या आठवड्यात आमच्या फीडरची पाळी रात्री पावणेदहा ते पहाटे पावणेसहा आहे. आत्ता साडेनऊ होऊन गेलेत. सेल बदलायचे राहिलेत, ते बघतो आणि निघतो.

कळावे,

आपला,
एक निवृत्त यंत्रचालक
जिल्हा सोलापूर